गणवेशातच यावे

"युनिफॉर्म काढ आधी," साहेब म्हणाले.

माझ्या भावाला म्हणाले. घोडबंदर रोडच्या लॉनवर, कमानीच्या तोंडाशी, जिथे पाहुण्यांना फेटे बांधत होते तिथे. आमच्या पुढच्या माणसाचा फेटा अर्धा बांधून झालेला. फेटेवाल्याचा हात तसाच थांबला. आत सनई चालू होती. माझा भाऊ ताठ उभा होता. हिरवी कडक वर्दी, छातीवर पदकं, कमरेला पट्टा, डोक्यावर टोपी, बुटाला तोंड बघावं अशी पॉलिश.

त्याने हळूच विचारलं, "इथे, सर?"

"इथे कशाला? बाथरूममध्ये जा ना. ड्रायव्हरकडे जादा शर्ट असतो, मी सांगतो त्याला. तो घाल आणि मग आरामात जेव."

साहेब हसत बोलत होते. ते नेहमी हसतच बोलायचे. म्हणून तर मी त्यांच्या घराला देव मानत आले.

मी त्यांच्याकडे स्वैपाकाला होते. आई गेली तेव्हा मी सहावीत होते. जालन्याकडचं गाव. बाप आधीच नव्हता. मावशी कल्याणला पालिकेत झाडू मारायची, तिने आम्हा दोघांना उचलून आणलं. माझी शाळा गावातच राहिली. भाऊ शिकावा म्हणून मी कामाला लागले, आणि फिरत फिरत घोडबंदरच्या त्या टॉवरमध्ये पोचले. मॅडमनी ठेवून घेतलं. माझ्या भावाच्या, दीपकच्या, दहावीच्या क्लासची फी त्यांनी भरली. तो भरतीची तयारी करायला लागला तेव्हा साहेबांनी आपले जुने धावायचे बूट दिले. तळवे झिजलेले, पण कंपनीचे. त्या बुटात तो पळाला आणि सैन्यात लागला. ते बूट मी टाकले नाहीत. पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवले. कोणी विचारलं तर सांगायचे, ह्या माणसांच्या उपकारावर उभे आहोत आम्ही.

मी घाबरट बाई. परक्या गावात काम टिकवायचं तर मान खाली घालूनच जगायचं, हे मी लहानपणीच शिकले. मॅडमचा फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे, "हां मॅडम" म्हणायचे. लोकांना वाढताना त्या सांगायच्या, "सगळं माझ्या हातचं आहे हो." मी किचनमध्ये पोळ्या लाटत ऐकायचे. वाईट वाटायचं नाही. खरंच नाही. वाटायचं, एवढं केलंय त्यांनी, तेवढं तरी घेऊ दे.

तर लग्न त्यांच्या मुलीचं, ईशाचं. माझ्या हातचा वरणभात खाऊन मोठी झालेली पोरगी. नवरा सैन्यात अधिकारी. त्याचे मित्र सगळे वर्दीत येणार, तलवारींची कमान करणार, नवरानवरी खालून जाणार. ईशाने मला स्वतः सांगितलेलं, "मावशी, दीपक सुट्टीवर आहे ना? त्याला युनिफॉर्ममध्येच आण हां. मस्त दिसेल."

दीपक नको म्हणत होता. "लग्नात वर्दी कशाला ताई? कुर्ता घालतो. वर्दीत गेलं की खांदा पाडून बसता येत नाही, धड जेवता येत नाही."

मी ऐकलं नाही. त्या घरासमोर त्याला वर्दीत उभा करायचा, हे माझं किती वर्षांचं स्वप्न होतं. तुमचे बूट कुठे पोचले बघा, असं. त्याने पलटणीत फोन करून रीतसर परवानगी घेतली. घडी मोडू नये म्हणून आम्ही चाळीतल्या बबनदादांची रिक्षा केली. शीळफाट्याला नेहमीसारखं जाम. उकाडा. दीपक अख्ख्या वाटेत पाठ टेकून बसला नाही.

आणि आता साहेब म्हणत होते, काढ.

"परवानगी आहे सर," दीपक म्हणाला.

"ती तुझ्या तिकडची. इथे लग्न माझ्या घरचं आहे. आज सगळे ऑफिसर लोक आहेत रे. त्यांच्यात साधा जवान येऊन बसला की त्यांना ऑकवर्ड होतं. प्रोटोकॉल असतो, तुला मी काय सांगू?"

ईशाचा मामा बाजूला उभा होता, फेटा तिरपा, हातात सरबत. तो म्हणाला, "दाजी, काढायला कशाला लावता? गेटवर उभा करा. येईल त्याला सलाम ठोकेल. बँडवाल्यांपेक्षा भारी दिसेल." बायका हसल्या. त्यातली एक त्याच्या पदकांकडे बघून म्हणाली, "खरी आहेत का रे?" दीपक म्हणाला, "हो मॅडम." ती म्हणाली, "बाई बाई."

दीपकने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगते ते बघत होता. माझ्या ओठावर आलेलं, काढ रे, काय होतंय. खरंच आलेलं. मॅडम दोन पावलांवर उभ्या होत्या, त्या काहीच बोलत नव्हत्या, आणि मला त्यांचीच भीती वाटत होती. दीपकचा हात पट्ट्याकडे गेला. ऐकायची सवय. मला घरातून लागलेली, त्याला पलटणीतून.

साहेबांनी तो हात बघितला आणि त्यांना चेव आला. "शाबास. आमच्याच बुटात पळून भरती झालास ना? मग एवढं ऐकायला काय जातं?"

तेवढ्यात ईशा आली. फुलांच्या चादरीखालून, मैत्रिणींच्या घोळक्यात, आत जायला. तिने सगळं बघितलं. मी म्हटलं, "ईशा, तूच सांगितलेलंस ना गं?"

तिने कपाळावरची मुंडावळी नीट केली. "मावशी, प्लीज. आज नको ना. पप्पा सांगतात तसं करा."

बस. एवढंच. तापात हिला मांडीवर घेऊन बसायचे मी.

मी तरी अजून समजून घेत होते. म्हटलं, असेल नियम. अधिकारी वेगळे, जवान वेगळे, हे तर पलटणीतही असतंच. आपल्याला काय कळतं? सहावी पास नाही आपण.

मग साहेबांनाच वाटलं असेल, लोक बघतायत. ते जवळ आले, दीपकच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला.

"बरं, एक काम कर. राहू दे युनिफॉर्म. बस मागे कुठेतरी. ती नावाची पट्टी तेवढी काढून खिशात ठेव. उगाच फोटोत येते."

नावाची पट्टी.

पट्टीवर फक्त आमचं आडनाव आहे. पद नाही, पलटण नाही. जवान असल्याची अडचण होती तर वर्दी काढायला हवी होती. वर्दी चालत होती. आडनाव चालत नव्हतं. आमचं आडनाव वाचलं की माणूस बाकीचं सगळं वाचतो. कुठली वस्ती, भिंतीवर कोणाचा फोटो, सगळं. हे घर ते आडनाव इतकी वर्षं ओळखून होतं. माझ्या हातचं खात होतं आणि ते आपल्या हातचं आहे म्हणून सांगत होतं. मला "मावशी" म्हणत होतं, म्हणजे आडनाव घ्यावंच लागत नव्हतं. हे मला त्या कमानीत उभं राहून, एका क्षणात, स्वच्छ दिसलं.

गावात आमच्या दारावर पाटी नव्हती. दारच धड नव्हतं. ते आडनाव पहिल्यांदा कुठे नीट लिहिलं गेलं असेल तर ह्या पोराच्या छातीवर.

मी म्हटलं, "हात खाली घे, दीपक."

त्याने घेतला.

"साहेब, पट्टी सगळ्यांच्या छातीवर आहे. ते तलवारीवाले उभे आहेत ना, त्यांच्याही आहे. आधी त्यांची काढून घ्या. मग ह्याची काढते मी."

माझा आवाज कापत होता. कापू दे. बोलले मी.

साहेबांचं हसू गेलं. "नीट बोल. कर्नलसाहेब आत बसलेत, व्याही आहेत माझे. एक शब्द टाकला तर ह्याची नोकरी कुठे जाईल कळणार नाही."

हे ऐकून मी हात जोडणारच होते. पण दीपक आता माझ्याकडे बघत नव्हता. तो साहेबांकडे बघून म्हणाला, "टाका सर. माझं नाव वाचून सांगा त्यांना. इथेच लिहिलंय."

मी त्याचं मनगट धरलं आणि वळले. तेव्हा कुठे मॅडम पहिल्यांदा बोलल्या.

"अगं, पण उद्या?"

उद्या व्याही घरी जेवायला येणार होते. पुरणपोळी, कटाची आमटी, मॅडमच्या हातची.

"उद्या तुम्ही करा," मी म्हटलं. "तुमच्याच हातचं असतं ना."

रिक्षात बसलो. दीपक परतीलाही पाठ टेकून बसला नाही. मग तो म्हणाला, "ताई, भूक लागलीय." शीळफाट्याला बबनदादांनी वडापाव आणले. वर्दीला डाग नको म्हणून मी त्याच्या मांडीवर माझ्या नव्या साडीचा पदर पसरला. तसा तो जेवला. लग्नाचं जेवण.

बबनदादांना सगळं सांगितलं. ते आरशात बघून म्हणाले, "तुझं तरी बरं, फौजी. तुला बोलवून हाकललं. मी वीस वर्षं हा खाकी शर्ट घालून लोकांना लग्नाला सोडतोय. अजून कोणी गेटच्या आत ये म्हटलं नाही."

आम्ही हसलो. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन वाजत राहिला. मी तो पालथा ठेवला. दोनदा हात त्याच्याकडे गेलाच. सवय एका रात्रीत जात नाही. पण मला डोळ्यांसमोर त्यांचा ओटा दिसत होता. न शिजलेली डाळ दिसत होती. सोफ्यावर बसलेले व्याही दिसत होते. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? खूप बरं वाटत होतं.

मग मी आणखी एक गोष्ट केली. त्या टॉवरच्या मागच्या गेटवर कामवाल्या बायका सकाळी थांबतात, तिथे गेले आणि सगळं सांगितलं. नावाच्या पट्टीसकट. एकेकीला. रडले नाही, ओरडले नाही, फक्त सांगितलं. तेव्हापासून त्या घरात बाई टिकत नाही. एक लागते, तिला खालीच गोष्ट कळते, ती सोडते. मॅडमनी निरोप पाठवला, "झालं गेलं विसर, ये कामावर." मी उलटा निरोप दिला, विसरायची फी तुम्ही भरली नव्हती.

साहेबांनी फोन केला की नाही माहीत नाही. दीपकला अजून कोणी काही विचारलेलं नाही. तरी त्याचा फोन लागला नाही की माझा जीव खालीवर होतो. ही भीती त्यांनी माझ्या घरात ठेवलेली आहे, आणि तीही मी हिशेबात धरलेली आहे.

आता दीपकचं लग्न ठरलंय. कल्याण पूर्वेला, आमच्याच वस्तीजवळच्या हॉलमध्ये. नवरदेव वर्दीत उभा राहणार. पत्रिका छापायला मीच गेले आणि खाली एक ओळ टाकायला लावली: ज्यांना गणवेश आहे त्यांनी गणवेशातच यावे.

प्रेसवाला म्हणाला, "ताई, अशी ओळ कोणी टाकत नाही."

"म्हणून टाका."

मावशी वाद घालायला लागली. "मी काय तो झाडूवालीचा भगवा कोट घालून लग्नात मिरवू? लोक हसतील गं."

"घाल. धुऊन, इस्त्री करून घाल. कोण हसतं ते मला बघायचंय."

बबनदादा खाकी घालणार. चाळीतली नर्स तिचा पांढरा ड्रेस घालणार. त्या टॉवरचा वॉचमन, जो साहेबांच्या गाडीला रोज सलाम ठोकतो, तो निळ्या कपड्यात येणार, आणि त्याला पहिला फेटा बांधायचं मी ठरवलंय.

गेल्या आठवड्यात मी साहेबांकडे पत्रिका द्यायला गेले. मागच्या गेटने नाही, पुढच्या. माळ्यावरची पिशवी सोबत घेतली. बेल वाजवली. मॅडमनी दार उघडलं. मी पिशवीतून बूट काढले, त्यांच्या उंबऱ्यावर ठेवले आणि पत्रिका एका बुटात खोचली.

"हे काय?"

"तुमचे बूट. परत आणलेत."

"अगं, हे फाटलेत."

"हो. वापरून झाले."

साहेब आतून आले. पत्रिका उचलून वाचली. त्या ओळीशी थांबले. तेच जुनं हसू आणायचा प्रयत्न केला. "मग आम्ही काय घालायचं?"

"तुमच्याकडे गणवेश नसेल तर साधे कपडे चालतील साहेब. दारात दीपकचे मित्र उभे असतील, वर्दीत. सगळ्यांच्या छातीवर पट्टी असेल. एकेकाचं आडनाव वाचायचं, मोठ्याने, आणि मग आत यायचं."

मी लिफ्टने खाली आले.

पहिल्या रांगेत दोन खुर्च्या मी त्यांच्या नावाने ठेवणार आहे. पांढरं कापड घालून. ते आले तर आडनावं वाचल्याशिवाय मी त्यांना त्या खुर्च्यांपर्यंत येऊ देणार नाही. नाही आले तर त्या रिकाम्याच राहतील, म्हाताऱ्या माणसालाही तिथे बसू देणार नाही. लोक विचारणारच, ह्या कोणाच्या? तेव्हा मी माईक मागून घेणार आहे. सगळं सांगणार आहे. त्यांच्या आडनावासकट.