चाळींच्या किल्ल्या

यांनी धंदा विकला हे मला परसात धुणं वाळत घालताना शेजारणीकडून कळलं. धंदा म्हणजे मुंबई-पुण्याच्या मालकांच्या चिंचवड-पिंपरीतल्या चाळी सांभाळायचा. भाडेकरू ठेवायचे, भाडं जमवायचं, मोरी तुंबली की माणूस पाठवायचा. नाव यांचं, राबायची मी. नवे कारखाने येत होते. साताऱ्याकडची, नगरकडची माणसं खोली मागत दारात उभी राहत, तेव्हा हे पारावर गप्पा छाटत असत. आलेला माणूस बायकोशी कसा बोलतो ते बघून खोली द्यायची की नाही, हे मी ठरवायची. किल्ल्या माझ्याच कमरेला असत.

घेणारा पुण्याचा दलाल होता. यांनी पुन्हा या भागात हे काम करायचं नाही, अशी करारात अट होती. खाली यांची सही. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

थोड्याच दिवसांत दलालाने हात टेकले. भाडेकरू त्याला जुमानेनात. "वैनी, नळाला पानी न्हाई," म्हणत माझ्याच दारात येत. मग तो कोर्टात गेला. म्हणाला, "मला फसवलं. धंदा ही बाईच चालवत होती. तिलाही अटीत बांधा, नाहीतर सौदा मोडा." माझ्या कामाला काम म्हणणारा पहिला माणूस भेटला, तोही आमच्यावर दावा लावणारा!

न्यायाधीशांनी यांना विचारलं तेव्हा माझ्याकडे न बघता हे म्हणाले, "तिला यातलं काय कळतंय? आल्यागेल्याला चहा करायची, एवढंच." कोर्टात चारदोन माणसं हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कोर्टाने यांचं म्हणणं मानलं, दावा आम्ही जिंकलो. येताना यांनी पेढे आणले. मी पेढ्यांना हात लावला नाही.

पुढे दोन मालकांनी दलालाकडून चाळी काढून घेतल्या आणि किल्ल्या घेऊन थेट माझ्याकडे आले. हे लगबगीने पुढे झाले. "आण त्या किल्ल्या इकडे, मी बोलतो त्यांच्याशी."

"तुम्हाला हे काम करता यायचं नाही," मी म्हटलं. "सही केलीय तुम्ही."

"अगं, पण तू..."

"माझा धंद्याशी संबंध नाही, हे तुम्हीच कोर्टात सांगितलंय. म्हणून मी मोकळी आहे." मी किल्ल्या कमरेला खोचल्या. "पाहुणे बाहेर बसलेत. चहा टाका."

यांनी टाकला. साखर विसरले. माझा राग मात्र तेवढ्याने गेला नाही, अजूनही गेलेला नाही.