नाकफोडी आणि माझा डावा पाय

माझा डावा पाय चौथ्या वर्षी तापात गेला. गेला म्हणजे जागेवर आहे, पण कामाचा नाही. काठी टेकली की सोबत येतो, एवढंच. त्यामुळे अकोला जिल्ह्यातल्या मुलींच्या शाळा तपासण्याची नेमणूक मला मिळाली, तेव्हा अमरावतीच्या आमच्या घरात आनंद जेमतेम अर्धा दिवस टिकला. कागदावर साफ लिहिलं होतं, दौऱ्याची सोय ज्याची त्याने करायची आणि महिनाभरात अकोल्याच्या कचेरीत वाहनासह हजर व्हायचं. बैलगाडीत मला चढता येत नव्हतं, सर्व्हिस मोटारीच्या, म्हणजे तेव्हाच्या बसच्या, गर्दीत उभं राहता येत नव्हतं. म्हणजे स्वतःची मोटार पाहिजे. बाबा वकील होते, दुसरी मोठी लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती, जुनी मोटार घेण्याइतपत ऐपत होती.

काकांनी लगेच एक गाडी ठरवूनही टाकली. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. अख्ख्या आळीत मोटार चालवता येणारे ते एकटेच, आणि त्याचा तोरा असा, की जेवायला बसले तरी बोलणं गेअरचंच. "गेअरची घ्या, ड्रायव्हर ठेवा, इषय संपला," म्हणाले.

संपला कसला, तिथेच तर सुरू झाला. लग्न न झालेली मुलगी परक्या माणसासोबत गावोगाव हिंडणार, हे आईला मान्य होणं शक्य नव्हतं. बाबा मान खाली घालून पान लावत बसले, म्हणजे त्यांनाही नव्हतं. आणि गेअरची मी स्वतः चालवावी, तर क्लच दाबायला डावा पाय लागतो. थोडक्यात काय, गेअरची गाडी दारात आली की माझी नोकरी दारातून गेली. हे काकांना पुरतं ठाऊक होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला तो त्याच्यानेच.

"काका, मले घरी बसवाचंच ठरवलं काय तुमी?"

"तसं नाही वं बाई. पण जे होत नाही ते होत नाही."

दुसरी एक गाडी होती, पण तिचं नाव काढलं की लोक हसत. एका कापूस दलालाने मुंबईहून आणलेली अमेरिकन मोटार, बिनक्लचची. स्टिअरिंगखाली एक लहानशी दांडी. ती एकदा लावली की पुढचे गेअर गाडी आपले आपण बदलायची. पायाशी दोनच पट्ट्या, एक पळायची आणि एक थांबायची. एवढी सोपी गाडी, पण वर्षभरात दलालाचे तीन कसलेले ड्रायव्हर ती सोडून पळाले होते. चालता चालता मधेच गचकन थांबायची, आणि मागे बसणाऱ्यांची नाकं पुढच्या सीटवर आपटायची. गावाने तिचं नाव ठेवलं होतं नाकफोडी.

मी हट्टाने ती पाहायला गेले. सोबत काका आणि मोटारी दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री. बडनेऱ्याच्या रस्त्यावर काका ऐटीत चालवायला बसले, शेजारी मिस्त्री, मागे मी. गाडी लोण्यासारखी निघाली. जरा वेग आला आणि काकांच्या डाव्या पायाने वीस वर्षांच्या सवयीने क्लच शोधला. क्लच होता कुठे? तिथे ब्रेकची रुंद पट्टी होती. पायाने ती तळापर्यंत दाबली. माझं कपाळ पुढच्या सीटवर आणि मिस्त्रींची टोपी समोरच्या काचेवर.

"पाय! पाय!" मिस्त्री ओरडले.

आता आमच्या वऱ्हाडात 'पाहा' असं पूर्ण कोणी म्हणत नाही. 'पाय' म्हणतात. काकांना वाटलं, रस्त्यात काही आलं. त्यांनी डोळे फाडून समोर पाहिलं आणि घाबरून पुन्हा तीच पट्टी दाबली.

"अहो पाय! पाय, भाईसाब!"

"पाहूनच तं राहिलो ना बाप्पा! काय पाहू? रस्त्यावर साधी बकरी नाही!"

धाड! तिसऱ्या दणक्याला माझं नाक फुटलं.

"डोळे नाही हो, पाय! डावा पाय!" मिस्त्री रडकुंडीला आले होते. "उसको घर पे छोड के आओ!"

नाकाला पदर लावून मी मागे बसले होते, ती एकदम खो खो हसत सुटले. त्या तीन ड्रायव्हरांचं काय बिघडलं होतं ते मला तत्क्षणी कळलं. गाडीत काही खोट नव्हतीच. ज्याला ज्याला गेअरची गाडी येत होती, त्याचा डावा पाय मधेच कडमडत होता. आणि माझा? तो कशातच नव्हता! आयुष्यात पहिल्यांदा मला त्या पायाचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

"काका, उतरा तुमी," मी म्हटलं.

मिस्त्रींनी उजव्या पायाची दोन्ही कामं समजावून दिली. मी बडनेऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. मिस्त्रींची टोपी जागची हलली नाही. नाकफोडी बाबांनी त्याच संध्याकाळी घेतली. पंधरा दिवस मी रोज हात बसवला. परवाना देणाऱ्या साहेबांनी काठीकडे पाहून मैदानाला चार चकरा जास्तच मारायला लावल्या, मग मुकाट सही केली.

अकोल्याला निघाले तेव्हा काका सोबत आले. मूर्तिजापुरात कापसाच्या बैलगाड्यांची ही मोठी रांग होती. पुढे गेअरची एक मोटार दर चार हातांवर गचके खात, बंद पडत चालली होती. मी ब्रेक सोडायची, गाडी आपली सरकायची, दाबायची, थांबायची. काका मात्र शेजारी बसून डाव्या पायाने रिकामी जमीन तुडवत होते. बोरगाव मंजू आलं तेव्हा घाम पुसत म्हणाले, "पोरी, गाडी मस्त हाकतं तू." बस्स, एवढंच. पण काकांच्या तोंडून एवढं म्हणजे सोन्याचं कडं.

कचेरीच्या पायऱ्यांसमोर गाडी उभी करून मी आत गेले. काका गाडीत घोरत होते. कारकुनाने माझा कागद वाचला, काठी पाहिली, खिडकीतून गाडी पाहिली.

"बाई, ड्रायव्हरले सांगा, गाडी तिकडे निंबाखाली लावाले. इथं साहेबांची लागते."

मी बरं म्हटलं. पायऱ्या उतरले, गाडी कडुनिंबाखाली लावली आणि काठी टेकत पुन्हा वर आले. कारकून खिडकीशी उभा होता, तोंड उघडं टाकून.

"सांगितलं ड्रायव्हरले," मी म्हटलं. "आता सही कुठं कराची ते बोला."