सात तारखेचं तपेलं

भोकरदनच्या सरकारी शाळेत मी मास्तर होतो तेव्हा माझ्या आणि रहिमुन्निसा खालाच्या घरांमध्ये एक मातीची भिंत होती, तीही माझ्या खांद्याएवढीच. तिला उर्दू बोलता येई, वाचता येत नसे. मला वाचता येई, कारण त्याशिवाय निजामाच्या राज्यात कुणी मास्तर करत नव्हतं. म्हणून तिच्या लेकाची पत्रं माझ्याकडे येत. मी ती वाचून दाखवायचो आणि वर शहाणपणाही शिकवायचो. त्या शहाणपणाचीच ही गोष्ट आहे.

खालाचा नवरा प्लेगात गेला. एकुलता एक इब्राहीम मुंबईला मोटारींच्या कारखान्यात लागला, मग लढाई सुरू झाल्यावर फौजेत मोटारी दुरुस्त करायला गेला. घरात खाला एकटी. तिचा आवाज मला दिवसातून दोनदा ऐकू यायचा, एकदा कोंबड्यांशी आणि एकदा चुलीशी बोलताना. माझी बायको द्वारका म्हणायची, "त्या बाईला बोलायला माणूस न्हाई हो." आम्हीही फार बोलायचो असं नाही. भिंतीवरून मीठ-मिरचीची देवाणघेवाण, तेवढंच.

तिच्या घरी एक पदार्थ व्हायचा, दमाचं गोश्त-बटाटे. गोश्त बड्याचं, म्हणजे गाय-बैलाचं. आमच्या घरात ते चालत नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं, म्हणून त्या दिवशी ती आमच्या बाजूची खिडकी लावून घ्यायची. तरी वास यायचाच, आणि खरं सांगतो, वास वाईट नव्हता. एकदा मी भिंतीवरून विचारलं, एवढा वेळ लागतो म्हणजे कठीण असेल. ती हसली. "काय हाय त्यात मास्तर? रचायचं, तोंड बंद करायचं अन् गप बसायचं. बिलकुल सोपं."

रचायचं म्हणजे तपेल्यात खाली कांदा, त्यावर आलं-लसूण आणि दही लावून मुरवलेलं गोश्त, त्यावर बटाट्याच्या जाड चकत्या, पुन्हा गोश्त, पुन्हा बटाटे. झाकण ठेवून कडेने कणकेची वळी लिंपायची. खाली मंद विस्तव, झाकणावर चार निखारे. आणि त्या घरचा एक कायदा होता. घरातली सगळी माणसं दस्तरखानावर, म्हणजे जेवणाच्या चादरीवर, बसल्याशिवाय वळी तोडायची नाही, आणि तोडायची ती घरच्या कर्त्या पुरुषाने. नवरा गेल्यावर हे काम सात वर्षांच्या इब्राहीमकडे आलं. तो सुरीने वळी तोडायचा आणि झाकणाच्या रसात भिजून खरपूस झालेली ती कणीक सगळ्यात आधी स्वतःच खाऊन टाकायचा. तो मुंबईला गेल्यापासून खालाने ते तपेलं चढवलंच नव्हतं. उघडणार कोण?

बेचाळीस साली निजामी राज्याच्या फसली पंचांगातला आजर महिना संपत आला असताना त्याचं पत्र आलं. पलटण इराकात बसऱ्याला निघाली होती. परत कधी येणं होईल ते सांगता येत नव्हतं. जाण्याआधी एक दिवसाची सुट्टी मिळाली होती. "सात तारखेला येतो. अम्मी, दमाचं कर."

"सात तारीख म्हणजे कधी, मास्तर?"

मी बोटांवर मोजलंसुद्धा नाही. शाळेच्या हजेरीपटावर रोज फसली तारीख मीच घालायचो. "पुढच्या दै महिन्याची सात," मी म्हणालो. "अजून दोन हप्ते आहेत, खाला."

तिला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. तपेलं धावड्याला होतं, तिच्या बहिणीकडे, अकबरबीकडे लग्नासाठी गेलेलं. दै महिना लागताच ती बैलगाडीत बसून ते आणायला गेली.

दैच्या तीन तारखेला दुपारी मी जेवायला घरी आलो तर शेजारच्या पायरीवर खाकी कपड्यातला माणूस बसलेला. इब्राहीम. दाराला कुलूप.

"अम्मी कुठं गेली, मास्तर?"

"धावड्याला. अरे, पण तू चार दिवस आधी कसा आलास? आज तर तीन तारीख."

त्याने खिशातून सुट्टीचा कागद काढला. इंग्रजी कागद. त्यावर नोव्हेंबरची सात होती, म्हणजे आजचीच तारीख. मुंबईत आमचे महिने कुणाला ठाऊक असणार? पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यातल्या इंग्रजी तारखेकडे मी नुसतं पाहिलं असतं तरी भागलं असतं. मी पाहिलं नव्हतं. मला त्या क्षणी स्वतःचीच इतकी चीड आली की मी त्याच्यावरच ओरडलो, "महिना लिहायला काय झालं होतं तुला?" धावड्याला जाऊन परत यायला वेळ नव्हता. संध्याकाळची मोटार चुकली तर जालन्याची गाडी चुकणार, आणि गाडी चुकली तर फौजेचा गुन्हा. तो संध्याकाळपर्यंत त्या पायरीवर बसून राहिला. द्वारकेने त्याला भाकरी आणि वांग्याचं भरीत दिलं, ते त्याने निमूट खाल्लं. जाताना म्हणाला, "मी दिवसभर बसलो होतो हे अम्मीला सांगू नका. आलो अन् लगेच गेलो म्हणा."

पाच तारखेला खाला तपेलं मांडीवर घेऊन गाडीतून उतरली. नवी कल्हई केलेली. मी तिला सगळं सांगितलं, पायरीवर बसल्याचंसुद्धा. खोटं बोलायचं धाडस मला झालं नाही. तिने तपेलं पायरीवर ठेवलं. मग म्हणाली, "तुमाला वाचता येतं म्हून मी इचारलं होतं, मास्तर." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सात तारखेला सकाळी पलीकडून कांदा चिरल्याचा आवाज आला. खिडकी लागली. दुपार उलटल्यावर तिने भिंतीवरून हाक मारली, "मास्तर, इकडं या. तुमी चुकवलं, तुमीच उघडा."

दस्तरखान अंथरलेलं होतं. एकच ताट. मी उंबऱ्यावर अडखळलो, पण गेलो. सुरीने वळी तोडली, झाकण उचललं, वाफ तोंडावर आली. बटाट्याची एकही चकती मोडली नव्हती. खाला ताट वाढून घेऊन जेवायला बसली आणि मी बाहेर आलो. द्वारकेने मला आंघोळीला पाठवलं, मीही मुकाट गेलो.

वळीचे तुकडे तिने उन्हात वाळवले, फडक्यात शिवले आणि माझ्याकडून बसऱ्याचा पत्ता लिहून घेतला. चार महिन्यांनी उत्तर आलं. "रोटी मिळाली. दगड झाली होती, चहात बुडवून खाल्ली. घरी जेवल्यासारखं वाटलं." त्यानंतर दोन पत्रं आली. मग एकही आलं नाही. लढाई संपली, फौजेतून गेलेले इतर लोक परतले, इब्राहीम आला नाही. मी तीन ठिकाणी अर्ज लिहिले. कुणी काही कळवलं नाही.

दर वर्षी दैच्या सात तारखेला खाला तपेलं चढवायची आणि मला हाक मारायची. मी उघडायचो. वळी ती फडक्यात बांधून खुंटीला लावायची, तो आला तर म्हणून. मागल्या वर्षीची तोवर मुंग्यांनी खाल्लेली असायची.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. गल्लीतली बरीच घरं रिकामी झाली. अकबरबी मुलांबरोबर हैदराबादला गेली, खालाला बोलावलं तरी ती गेली नाही. शाळेत नवा हजेरीपट आला, त्यावर इंग्रजी महिने होते. एके दिवशी खाला भिंतीपाशी येऊन उभी राहिली. केस पूर्ण पांढरे झालेले.

"मास्तर, दै महिना बंद झाला म्हणतात. मंग आता सात तारीख कोणती धरायची?"

सहा वर्षांपूर्वी द्यायला हवं होतं ते उत्तर मी दिलं. "नोव्हेंबरची, खाला. तो आला होता ती."

त्या वर्षी तपेलं चार दिवस आधी चढलं. मी गेलो, सुरी घेतली, वळी तोडली, झाकण बाजूला ठेवलं. सवयीने फडकं तिच्यापुढे केलं. तिने ते घेतलं नाही. वळीचा खरपूस तुकडा उचलला, आपल्याच ताटात मोडला आणि खाऊ लागली.