खाडीतली बंदी आणि आमच्या सासूबाई

त्या दिवशी माहीमच्या आमच्या कोळीवाड्यात चिटपाखरू नव्हतं. शिवाजी पार्कला संयुक्त महाराष्ट्राची सभा होती, अख्खं गाव तिकडे गेलेलं. मी पोटुशी म्हणून घरी... आणि सोबतीला सासूबाई.

मला तिसऱ्यांचे, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या शिंपल्यांचे, डोहाळे लागले होते. पण खाडीत बंदीचे महिने चालू होते. गावाचा सरकारशी जुना करार होता, तिसऱ्या काढायचा हक्क आमचा, मात्र त्या वाढेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. राखण गावानंच करायची, आणि गावानंच बंदी मोडली तर हक्क गेला.

कचेरीचा पितळी बिल्ला लावून राखणीला उभे राहायचे ते माझे सासरे, आबा.

डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात यावर सासूबाईंचा भारी विश्वास. (मुलगा आज साठीच्या पुढे आहे, कान माझ्यापेक्षा बरे आहेत.) आबाही सभेला गेले असणार असं धरून त्या ओहोटीला पाटी घेऊन चिखलात उतरल्या. मी काठावर बसले. नको म्हणाले नाही... तोंडाला पाणी सुटलं होतं ना.

पण आबा गेलेच नव्हते. सभेची त्यांना फार हौस, तरी गाव रिकामं म्हणूनच मागे थांबलेले. तिवरांच्या झाडीतून काठी टेकत आले ते थेट बायकोसमोर.

"सुनंला डोहाले लागलेत," सासूबाई म्हणाल्या.

"आज तुला सोरली, त उद्या कोनाला आरवू?" आबा एवढंच बोलले. मग स्वतः वाकून, पाटीतल्या तिसऱ्या त्यांच्याबरोबर परत चिखलात पुरू लागले. मला रडूच आलं...

संध्याकाळी गाव घोषणा देत परतलं. आबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, माझ्याच घरानं बंदी मोडली. बिल्ला काढून काठीसकट गावच्या पाटलांपुढे ठेवला. इतक्या वर्षांचा मान गेला, असंच मला वाटलं.

गावची रीत अशी, की बंदी मोडेल त्यानंच ती उठेपर्यंत राखण करायची. पाटलांनी काठी आणि बिल्ला उचलून सासूबाईंच्या हातात दिले. आबांना हसू आवरेना.

बिल्ला पदराला लावून सासूबाईंनी अशी राखण केली, की सख्ख्या बहिणीलासुद्धा काठावरून परत पाठवलं. माझ्या डोहाळ्यांचं तर नावच नको.

आणि राखणीतून सुटलेले आबा पुढच्या सभेला गेले. परत आले तेव्हा घसा बसलेला, चेहरा खुललेला.

सासूबाईंनी चिखलातूनच विचारलं, "मिलाली का मुंबई?"

"मिलंल," आबा म्हणाले. "तू खाडी सांभाल."

हक्क मागणारा आणि हक्क राखणारी, दोघंही मला एकाच घरात भेटली... असं सासर मिळायला नशीब लागतं.