लाल बॅगेतली रेल्वे

आमच्या व्याह्यांइतका वक्तशीर माणूस अख्ख्या इंग्लंडात नसेल, आणि घरातली जागा अडवणाराही त्यांच्यासारखा दुसरा नसेल. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. लीड्सच्या हॉस्पिटलात मशिनं दुरुस्त करता करता ते रिटायर झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरातल्या बॉक्स रूममध्ये, म्हणजे सामानाच्या छोट्या खोलीत, रेल्वे सुरू केली. तिला खेळण्यातली म्हटलेलं त्यांना खपत नाही. इंजिन माझ्या करंगळीएवढं, पण टाइमटेबल भिंतीवर टांगलेलं. सकाळची गाडी सात बेचाळीसला सुटते, म्हणून यांची आंघोळ सात पस्तीसला आटोपलेली असते. बाहेर खरी ट्रेन पाच मिनिटं लेट झाली, की घरी येऊन खुशीत सांगतात, "आपल्या लाइनवर असलं चालत नाही."

रेल्वेला लागणारं सगळं सामान ते स्वयंपाकघरातून नेतात. मला ते ताई म्हणतात. मी लेकीकडे चार दिवस राहायला आले, की आल्या आल्या विचारतात, "ताई, चहाचा चोथा टाकत नाही ना? मला जमीन करायचीय." मग तो चोथा रेडिएटरवर वाळवायचा आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना चिकटवायचा. आमच्या चहात आलं आणि वेलची, त्यामुळे त्यांच्या शेतजमिनीलाही तोच वास. पाहुणे बॉक्स रूममध्ये डोकावले, की म्हणायचे, "वा, चहा टाकलाय वाटतं!" एकदा इंजिनाच्या शेडजवळ कोळसा हवा होता, तर त्यांनी डब्यातली मोहरी ओतली आणि वर गोंदाचं पाणी फवारलं. गोंद कमी पडला की पाणी जास्त झालं कोण जाणे, चार दिवसांनी कोळशाला कोंब फुटले. माझ्या विहीणबाई म्हणाल्या, "अहो, तुमचा कोळसा उगवलाय. काढा तो, नाहीतर मी कोशिंबीर करते." व्याही म्हणाले, "हात लावायचा नाही, ते आता राखीव जंगल आहे." आणि तिथून गाडी सावकाश जाऊ लागली. जनावरं आडवी येतात म्हणे.

असाच एकदा चोथा पसरत असताना त्यांनी विचारलं, "ताई, तुमचं गाव कुठल्या लाइनवर?" मी फारशी बोलत नाही, पण हात कामात असले, की तोंडातून निघून जातं. म्हटलं, "कुसळवाडीला रेल्वे नाहीच. चौथीपर्यंत शाळा होती. पाचवीची सात मैलांवर, आणि जायला काही नव्हतं. मग राहिलं." दुसरं कोणी असतं, तर हळहळलं असतं. यांनी मात्र खिशातून वही काढली. "सात मैल? ही तर सरळ ब्रँच लाइन झाली!" म्हणत लिहूनही घेतलं.

मग नात झाली. लेकीला मदत म्हणून मी मिल्टन कीन्सहून, मुलाच्या घरून, माझी लाल बॅग घेऊन आले. या वेळी बरेच दिवस राहायचं होतं, आणि घरात रिकामी करण्यासारखी एकच खोली होती. मी पोचायच्या आत व्याह्यांनी तिथली रेल्वे उचलली. लॉफ्टची शिडी त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही, गार्डनमधल्या शेडला ओल. शेवटी जिन्यावरच्या खिडकीत वीतभर रूळ ठेवले. तिथे वळणसुद्धा मावेना. एकदा मी नातीचे कपडे घेऊन जिना चढत होते, तर ते एका हातात घड्याळ धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं इंजिन पुढे ढकलत होते. वीतभर पुढे, वीतभर मागे. टाइमटेबल चुकवलं नव्हतं.

माझ्या एका कॉटपायी या माणसाची रेल्वे बंद पडली होती. कुणाला सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून लेकीला म्हटलं, "मुलाकडे जाते आता." ती म्हणाली, "आई, तुला खरंच जायचंय का?" मी मान डोलावली. मुलगा गुणी आहे, पण दिवसभर घरात मी आणि भिंती. तरी शनिवारी अकराच्या ट्रेनचं तिकीट काढलं.

शनिवारी सकाळी सामान भरायला बघते, तर कपाटावरची बॅग गायब. खाली आले. बॅग डायनिंग टेबलावर उघडी ठेवलेली, भोवती घरातले सगळे, लेकीच्या कडेवर नात, आणि व्याह्यांच्या तोंडात शिट्टी. बॅगेत चोथ्याची जमीन होती. गोल रूळ मावले नव्हते, म्हणून एकच सरळ लाइन. गाडी जायची आणि तशीच उलटी परत यायची. एका टोकाला शाळा, घंटेसकट. दुसऱ्या टोकाला स्टेशनची पाटी, कुसळवाडी. आम्ही पहिल्यांदा इकडे यायला निघालो, तेव्हा आमच्या ह्यांनी बॅगेच्या झाकणावर पांढऱ्या रंगानं गावाचं नाव घातलं होतं. पाटीवरची अक्षरं हुबेहूब तशीच, तिरका ळसुद्धा.

विहीणबाई म्हणाल्या, "न विचारता बॅग घेतली म्हणून मी दोन दिवस बोलत नाहीये यांच्याशी."

"विचारलं असतं, तर ताई नाही म्हणाल्या असत्या," व्याही म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बॅग तुमचीच आहे. न्या खुशाल. पण चालू लाइन बंद करायची, तर आधी नोटीस द्यावी लागते."

"किती दिवसांची?" मी विचारलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

त्यांनी नातीकडे बघून जरा हिशेब केला. "ही पाचवीत जाईपर्यंत."

अकराची ट्रेन माझ्याशिवाय गेली.

आता नात नर्सरीत जाते. बॅग माझ्या कॉटखाली असते. व्याह्यांचे हात हल्ली थोडे थरथरतात, रुळांवर डबे मीच ठेवते. ते दारावर टकटक करून विचारतात, "ताई, लाइन क्लिअर?" आमच्या गावाला रेल्वे अजून आलेली नाही. पण रोज सात बेचाळीसला कुसळवाडीहून गाडी सुटते आणि मिनिटाच्या आत शाळेपाशी पोचते. डबे इतके लहान, की आत माणूस बसवता येत नाही. तरी मी हातातलं काम ठेवून वेळेवर हजर असते. आपल्या लाइनवर उशीर चालत नाही.