पावसानं मेलेली जनावरं

ओल्या लाकडी भुशाचा वास आला की गेवराईच्या रस्त्यावरची आमची रसवंती आठवते. उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी भुशातली बर्फाची लादी फोडून ठेवली होती आणि मोबाइलवर उत्तर ध्रुवाकडची एक फिल्म बघत होते. रस प्यायला थांबलेला म्हातारा मेंढपाळ मागून वाकून बघू लागला. त्याची मेंढरं लिंबाच्या सावलीत दाटीनं उभी होती. पडद्यावर बर्फात रेनडियर मरून पडले होते आणि त्यांना पाळणारा माणूस त्यांच्यात गुडघ्यांवर बसला होता. "मेले कशानं, पोरी?" म्हाताऱ्यानं विचारलं. मी सांगितलं, तिकडं आता भर हिवाळ्यात बर्फाऐवजी पाऊस पडतो, तो गोठून दगडासारखा थर होतो आणि जनावरांना खालचा चारा उकरता येत नाही. "पाऊस पडला म्हणून उपाशी मेले?" त्याच्या ते डोक्यात शिरेना. "आमची तर पडत न्हाई म्हणून मरत्यात. मग त्यांनी देवाला मागायचं काय?" तोवर फिल्म पांढऱ्या अस्वलांवर गेली होती. "त्या माणसाला दाव पुन्हा," तो म्हणाला. मी मागं नेऊन दाखवलं. तो त्या चेहऱ्याकडं बराच वेळ बघत राहिला. "ह्यानं उरल्याली जनावरं कुठं नेली?" फिल्ममध्ये ते दाखवलंच नव्हतं. त्यानं रस अर्धा ठेवला आणि मेंढरं उठवली. आज मी भूगोल शिकवते, ती जनावरं का मेली ते फळ्यावर आकृती काढून समजावते; तो माणूस उरलेली घेऊन कुठं गेला, हे मात्र मला अजून कुठंच सापडलेलं नाही.