झेंड्याच्या मागे

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईला माणसं लवकर कळतात, असं तिचं स्वतःचं मत होतं आणि ते फारसं चुकीचं नव्हतं. दिवसभर तिच्यासमोरच्या खुर्चीत कुणी ना कुणी येऊन बसायचं. ती काच बदलायची आणि विचारायची, आता बरं दिसतंय की आधी बरं दिसत होतं? प्रश्न साधाच. पण त्यावर एखादा परीक्षेला बसल्यासारखा घामाघूम व्हायचा, एखादी बाई उत्तरासाठी तिच्याच चेहऱ्याकडे बघत राहायची, आणि काही उतावळे तर काच नीट बसायच्या आतच "आधीचं बरं" म्हणून मोकळे व्हायचे. नजर तपासता तपासता ती माणूस तपासायला शिकली.

हे शिक्षण ती रविवारी वापरायची. धावणाऱ्यांच्या क्लबात ती झेंडा घेऊन सगळ्यांत शेवटी धावायची. हे काम काय असतं ते सांगायला हवं, कारण शर्यत बघायला जाणाऱ्यांचं सगळं लक्ष पहिल्या नंबराकडे. शेवटाकडे बघायला वेळ कुणाला आहे? तर लांब पल्ल्याच्या शर्यतीत एक जण पाठीला उंच काठीचा पिवळा झेंडा बांधून ठरलेल्या संथ चालीने मागून येतो. झेंड्याच्या पुढे जो आहे तो शर्यतीत आहे. झेंडा ज्याला मागे टाकून गेला त्याची शर्यत संपली, त्याने मागून येणाऱ्या व्हॅनमध्ये बसायचं. झेंडा गेला की स्वयंसेवक रस्त्यावरचे नारिंगी कोन उचलतात आणि झेंडा पोचला की शेवटच्या रेषेवरचं फाटक बंद होतं. क्लबातली पोरं तिला शेपूट म्हणायची. तिला त्याचा राग नव्हता, उलट थोडा तोराच होता.

खरं तर तरुणपणी क्लबात तिच्याइतकं वेगवान कुणी नव्हतं. सरावात तिला गाठणं कुणाच्या बापाला जमत नसे. पण शर्यतीच्या दिवशी शेजारी कुणी धापा टाकताना दिसलं की हिचा वेग आपोआप उतरायचा. मागे वळून बघायची खोड काही केल्या जाईना. क्लबच्या सरांनी समजावून पाहिलं, दटावून पाहिलं, शेवटी हात टेकले. एवढी मागे बघायची हौस आहे तर मागेच राहा, असं म्हणून त्यांनी वैतागून तिच्या पाठीला झेंडा बांधला. शिक्षा म्हणून दिलेलं काम तिने असं केलं की पुढे ते दुसऱ्या कुणाला द्यायची सोयच उरली नाही.

कारण शेवटचा माणूस पायांनी हरत नाही, हे तिला कळलं होतं. एक जाडजूड बेकरीवाला होता, त्याला चुचकारलं की तो बसकण मारायचा आणि टोमणा मारला की घोड्यासारखा उधळायचा. वाचनालयातल्या एका लाजाळू बाईंशी धावणं सोडून कशाबद्दलही बोललं तरी चालायचं. भाजीच्या भावावरून त्या दोघींनी अख्खा पूल पार केला होता. एका कॉलेजातल्या मुलाला नुसतं शेजारी कुणीतरी हवं असायचं, बोलणं नको. एक पथ्य मात्र ती सगळ्यांशी पाळायची. किती राहिलंय, हे ती कधी खोटं सांगायची नाही. "आलंच की जवळ" असं एकदा सांगितलं आणि वळणापलीकडे लांबलचक रस्ता दिसला की माणूस मनातून खचतो, मग त्याला देवही पुढे नेऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट. इतक्या वर्षांत झेंडा दुसऱ्या कुणाच्या पाठीवर गेला नव्हता. तिने कधी कुणाचा हात धरला नाही, पाण्याचा पेलासुद्धा कुणाकडून घेतला नाही. मदत करणाऱ्या माणसांचा हा एक वेगळाच माज असतो.

तिची थोरली बहीण इस्पितळात हेड नर्स होती. वॉर्डात तिची चाहूल लागली की शिकाऊ डॉक्टरसुद्धा कॉलर नीट करायचे. पण हीच बाई स्वतःच्या बाबतीत एक काम तडीस नेईल तर शपथ. गाडी चालवायला शिकत होती, तेवढ्यात आई पडली, शिकणं सुटलं. पोहण्याचा क्लास लावला, तर भाच्याची परीक्षा आली. चित्रकलेच्या वर्गाचंही तेच झालं. दर वेळी कारण सोन्यासारखं, दर वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी भल्याचं, त्यामुळे तिला बोल लावायची कुणाची टाप नव्हती. धाकटीला मात्र हळूहळू कळत गेलं होतं की कारण आलं की ताईचा चेहरा जरा सैल पडतो.

निवृत्त झाल्यावर थोरलीने एका संध्याकाळी कप विसळता विसळता सांगितलं की यंदा शर्यतीत ती धावणार आहे. धाकटीला हसू आलं, पण थोरली हसत नव्हती.

"एक तरी गोष्ट शेवटपर्यंत करून बघायची आहे," ती म्हणाली. "ही पण सुटली ना, तर मी परत कशालाही हात लावणार नाही. मी कशी आहे ते मला माहीत आहे."

त्यानंतरचे महिने धाकटीने तिच्यामागे जिवाचं रान केलं. पण बेकरीवाल्याला लागू पडलेली मात्रा इथे चालेना. टोमणा मारला तर थोरली डोळे वटारायची, गोड बोललं तर म्हणायची की माझ्यावर दुकानातले प्रयोग करू नकोस. पाय तिचे मजबूत होते, उभा जन्म वॉर्डात चालून कमावलेले. अडचण पायांची नव्हतीच.

शर्यतीच्या सकाळी थोरली अपेक्षेप्रमाणे सगळ्यांत मागे पडली आणि झेंडा तिच्या पाठोपाठ चालू लागला. कालव्याकडेचा रस्ता बरा गेला. गोदामांच्या रांगेपाशी ती कुरकुरली, पण थांबली नाही. पुलाचा चढ तर तिने असा ओलांडला की धाकटीला वाटलं, जमतंय. आणि पुलाच्या उतारावर धाकटीच्याच पोटरीत गोळा आला. असा आला की ती कठड्याला धरून खालीच बसली.

थोरली एका क्षणात वळली. गुडघ्यांवर बसून तिने बहिणीचा पाय मांडीवर घेतला, अंगठ्याने पोटरी दाबली, पाऊल वर ओढलं. हात कसे चटचट चालत होते! पण धाकटीचं लक्ष हातांकडे नव्हतं. ताईचा चेहरा सैल पडला होता.

"राहू दे आता," थोरली शांतपणे म्हणाली. "तुला अशी टाकून मी कुठे जाऊ?"

धाकटीला संताप आला. बहिणीचा नाही, स्वतःच्या पायाचा. आयुष्यभर ताईला जे कारण लागत आलं ते आज तिनेच आणून हातात ठेवलं होतं, आणि तेही पुलाचा चढ संपल्यावर. मागून व्हॅन येऊन उभी राहिली. जा म्हणून विनवलं असतं तर थोरली गेली नसती. तू करशील म्हटलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. स्वतःसाठी ही बाई पाऊल टाकणार नाही, हे धाकटीला आरशासारखं स्वच्छ दिसलं. मग दुसऱ्यासाठी टाकेल का? तिने छातीवरचं बक्कल काढलं, झेंडा उतरवला आणि बहिणीपुढे धरला.

थोरली म्हणाली की भलतंच काय, मी कशी नेणार, माझंच मला झालंय. धाकटीने सांगितलं की हा पुढे गेला नाही तर पुढच्या नाक्यांवरची पोरं उन्हात कोन धरून उभी राहतील, रस्ता कधी सोडायचा ते त्यांना कळणार नाही. यात एक शब्द खोटा नव्हता.

"आणि तुझं काय?"

"मला व्हॅन आहे, ताई. झेंड्याला कोण आहे?"

थोरलीने झेंड्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. पट्ट्यात हात घालताना तिचे खांदे वर आले, वॉर्डात शिरताना यायचे तसे. "पाय लांब करून बस," एवढं बजावून ती निघाली.

झेंडा पुढे गेला आणि नियमाप्रमाणे धाकटी शर्यतीतून बाद झाली. व्हॅनवाल्याने दंडाला धरून तिला आत बसवलं आणि तिने बसवून घेतलं. याच बाकावर तिने किती जणांना बसवलं होतं, वर यात लाज कसली असंही सांगितलं होतं. लाज किती असते ते तिला आज कळलं. ज्यांना ज्यांना तसं सांगितलं होतं त्या सगळ्यांची माफी मागावी असं तिला वाटलं.

समोरच्या काचेतून बहिणीची पाठ दिसत होती. लांब सरळ रस्त्यावर थोरलीचा वेग उतरला, एक हात कमरेवर गेला. धाकटीने दाराची कडी धरली. हाक मारायची, उतरायचं, लंगडत का होईना शेजारी जायचं, सगळं मनात येऊन गेलं. पण ती गेली असती तर ताईला पुन्हा एक पेशंट मिळाला असता. तिने कडी सोडली आणि ओठ दाबून बसून राहिली. तिच्या जन्मातलं ते सगळ्यांत अवघड काम होतं.

तेवढ्यात पुढचा नाका आला. तिथल्या पोरांना थोरलीने काहीतरी फर्मावलं आणि पोरं धडपडत कोन उचलायला लागली. पुढच्या नाक्यावर एकाला तिने टोपी घालायला लावली. प्रत्येक नाक्यानंतर तिची चाल सुधारत होती. व्हॅनवाला म्हणाला की बाई भारी दिसतायत. धाकटीला रडू येत होतं आणि ती ते लपवतही नव्हती.

फाटकावर माणसं बंद करायच्या तयारीत उभी होती. थोरली आत शिरली आणि पहिला प्रश्न विचारला, हा झेंडा कुणाकडे द्यायचा? पदकं वाटणाऱ्या मुलीने तिला पदक दिलंच नाही. झेंडेवाल्यांना ते कधीच मिळत नसे. धाकटी व्हॅनमधून लंगडत उतरली आणि तिथूनच ओरडली की त्यांच्या छातीवरचा नंबर बघा, त्या शर्यतीत आहेत. मुलीने घाईघाईने पदक गळ्यात घातलं. थोरलीने ते उलटसुलट करून पाहिलं.

"म्हणजे माझी पूर्ण झाली?"

"झाली, ताई."

वॉर्डातली इतकी मरणं पाहून न रडलेली ती बाई फुटपाथच्या कडेला बसून ढसाढसा रडली. धाकटी शेजारी बसून राहिली. बऱ्याच वेळाने थोरलीने नाक पुसलं आणि नेहमीच्या हुकमी आवाजात म्हणाली, "पुढच्या वर्षी झेंडा मी घेणार."

धाकटीने चमकून तिच्याकडे पाहिलं. झेंडा गेला तर तिच्याकडे राहिलं काय? "आणि मी काय करू?"

"तू पुढे पळायचं. जोरात. मागचे सगळे मी आणते. तू मागे वळून बघायचं नाही."

 धाकटीने झेंड्याचा पट्टा हातात घेतला, बहिणीच्या खांद्याला लावून पाहिला आणि तिच्या मापाचा करायला लागली.